पुण्याला बिऱ्हाड हलवण्याआधी

गोव्यातल्या साखळीहून एका आईचं पत्र आलं आहे. थोडक्यात असं:

"आमचा मुलगा तीन वर्षं दहा महिन्यांचा आहे. दीड वर्षाचा असताना आई, बाबा, पाणी, टाटा म्हणायचा. दोन वर्षांनंतर ते शब्द हळूहळू गेले. हाक मारली तर बघत नाही, पण पोदेरचा, म्हणजे सायकलवरून येणाऱ्या पाववाल्याचा, भोंगा ऐकला की दाराशी धावतो. काही हवं असलं की आमचा हात धरून ओढत नेतो. गाडीचं चाक फिरवत बसतो. पेज आणि एकाच कंपनीची बिस्किटं सोडून काही खात नाही. डॉक्टर म्हणाले, ऑटिझम असावा. पर्वरीच्या एका सेंटरने रोज एक तास थेरपी सांगून सहा महिन्यांचे पैसे आगाऊ मागितलेत. दीर म्हणतात, गोव्यात काही होणार नाही, पुण्याला बिऱ्हाड करा. सासूबाई म्हणतात, घरात मराठी, शेजारी कोंकणी, बालवाडीत इंग्रजी, म्हणून पोर गोंधळलंय. त्याचे काकाही चार वर्षांचे होईपर्यंत बोलले नव्हते. मी नोकरी सोडू का?"

आधी तुमच्या प्रश्नांची सरळ उत्तरं देतो. पुण्याला जाऊ नका, निदान आत्ता तरी. सहा महिन्यांचे पैसे एकदम भरू नका. नोकरीचा निर्णय तीन महिने पुढे ढकला. काकांचं उदाहरण मात्र बाजूला ठेवा. उशिरा बोलणं वेगळं आणि आलेले शब्द जाणं वेगळं. शब्द गेले, हाकेला प्रतिसाद नाही आणि बोट दाखवण्याऐवजी हात धरून ओढणं, हे सगळं एकत्र दिसत असेल तर वाट बघायची नसते. निदानाचा कागद हातात येईपर्यंतही थांबू नका. संवादाचं काम या आठवड्यात घरी सुरू करता येतं, ते कसं हे पुढे लिहिलं आहे.

पहिली तपासणी कानांची. भोंगा ऐकू येतो म्हणजे सगळं ऐकू येतं असं नव्हे. पडद्यामागे पाणी साचलं असेल किंवा वरच्या पट्टीचे आवाज कमी ऐकू येत असतील, तरी भोंगा ऐकू येईल. 'स', 'श', 'क' मात्र निसटतील. बोलणं न आलेल्या मुलाची बेरा टेस्ट, म्हणजे आवाज कानापासून मेंदूपर्यंत पोचतो का हे बघणारी तपासणी, करून घ्यावीच. ती झोपेत करतात, आणि गडबड होते ती इथेच. मूल साखळीहून निघाल्यावर गाडीत झोपतं आणि हॉस्पिटलच्या फाटकाशी टक्क जागं होतं. त्या दिवशी त्याला पहाटे उठवा, वाटेत झोपू देऊ नका, पांघरूण आणि रोजची उशी बरोबर घ्या. झोपेचं औषध द्यायचं ठरलं तर ते तिथेच, डॉक्टरांच्या देखरेखीत. घरून देऊन नेऊ नका. किती वेळ उपाशी ठेवायचं हे अपॉइंटमेंट घेतानाच विचारून ठेवा.

नुसत्या पेजेवर आणि बिस्किटांवर असलेल्या मुलात लोह कमी असण्याची शक्यता बरीच असते. लोह कमी असलं की झोप बिघडते, चिडचिड वाढते आणि सगळं ऑटिझमच्या नावावर खपतं. म्हणून हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, तेही तपासायला सांगा. एमआरआय प्रत्येक मुलाला लागत नाही. फिट, डोक्याच्या वाढीतला फरक किंवा तपासणीत काही वेगळं आढळलं तर डॉक्टर सांगतील. पण शब्द गेले आहेत ही गोष्ट त्यांना स्पष्ट सांगा आणि मधेच शून्यात बघत थबकतो का, हेही.

निदानासाठी पुण्याला जायची गरज नाही. बांबोळीला गोमेकॉचा, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाचा, बालरोग विभाग आहे, मानसोपचार संस्था म्हणजे आयपीएचबीही तिथेच आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला. त्याखाली जिल्हा पातळीवर लहान मुलांच्या लवकर उपचारांसाठी डीईआयसी नावाची केंद्रं असतात. तुमच्यासाठी म्हापशाच्या जिल्हा रुग्णालयात विचारणा करा. साखळीच्या आरोग्य केंद्रातून चिठ्ठी घेऊन गेलात तर फेऱ्या वाचतात. एकाच ठिकाणी नंबर लावून बसू नका, दोन्हीकडे लावा. जिथे आधी बोलावतील तिथे जा आणि दुसरीकडचा नंबर रद्द करा.

तपासणीला जाताना मोबाइलवर मिनिट-दीड मिनिटाचे चार-पाच व्हिडिओ न्या: हाक मारल्यावर काय करतो, एकटा कसा खेळतो, इतर मुलं जवळ आली की काय होतं, जेवताना, आणि हट्टाला पेटल्यावर. अनोळखी खोलीत वीस मिनिटांत मूल जे दाखवणार नाही ते यात दिसतं. दोन वर्षांआधीचा, तो 'पाणी' म्हणतोय असा जुना व्हिडिओ सापडला तर फारच उत्तम. भारतात दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी वापरतात त्या 'इसा' या ऑटिझमच्या चाचणीत ४० विधानं असतात आणि प्रत्येकाला १ ते ५ गुण. त्यातला बराच भाग पालकांच्या उत्तरांवर चालतो. त्या दिवशी आईवडील मुलाची बाजू सावरून घेतात, 'कधी कधी बघतो हो' म्हणतात, आणि गुण चुकतात. त्याचा वाईट दिवस कसा असतो ते सांगा. कमीपणा कसलाच नाही त्यात.

आता थेरपी. बाजारात नावं पुष्कळ आहेत: स्पीच, ओटी (ऑक्युपेशनल थेरपी), बिहेवियर, स्पेशल एज्युकेशन, प्ले, म्युझिक. सगळी एकदम लावली की पाच माणसं पाच दिशांना ओढतात आणि कोणाच्या हाताने काय सुधारलं तेही कळत नाही. तुमच्या मुलाच्या बाबतीत पहिला क्रम संवादाचा. याला स्पीच थेरपी म्हणत असले तरी सुरुवातीला त्यात उच्चार नसतात. समोरच्याकडे बघून मागणं, बोट दाखवणं, एकाच वस्तूकडे दोघांनी मिळून बघणं, आपली पाळी येईपर्यंत थांबणं, एवढंच असतं. शब्द या पायावर येतात. दुसरा क्रम ऑक्युपेशनल थेरपीचा: खाणं, दात घासणं, आवाज आणि स्पर्श सोसणं. सुरुवातीला आठवड्याला संवादाची दोन आणि ओटीचं एक सेशन, आणि दर सेशनच्या शेवटी दहा-पंधरा मिनिटं तुम्हाला शिकवणं, इतकं बस्स आहे.

हे कमी वाटेल, म्हणून हिशेब मांडून दाखवतो. मूल दिवसाला १२ तास जागं असतं, म्हणजे आठवड्याला ८४ तास. पाऊण तासाची तीन सेशन म्हणजे सव्वादोन तास. रोज एक तास थेरपी लावलीत आणि आठवड्याला पाच दिवस गेलात तरी पाचच तास होतात, शिवाय साखळी-पर्वरी जाऊन येऊन मूल दमतं ते वेगळं. उरलेले तास घरात जातात. ज्या सेंटरला घरच्या तासांशी देणंघेणं नाही, त्याने रोज बोलावलं तरी फार काही हाती लागत नाही.

याचा पुरावा गोव्यातच आहे. संगाथ ही संस्था इथलीच. गोव्यात आणि पाकिस्तानातल्या रावळपिंडीत मिळून 'पास' नावाचा अभ्यास झाला आणि २०१६ मध्ये 'लॅन्सेट सायकिअ‍ॅट्री'त छापून आला. २ ते ९ वर्षांची ६५ मुलं त्यात होती. डॉक्टर किंवा थेरपिस्ट नसलेल्या, पण या कामाचं प्रशिक्षण घेतलेल्या कार्यकर्त्यांनी सहा महिन्यांत बारा सेशन घेतली. पालकांचा मुलाशी खेळतानाचा व्हिडिओ त्यांनाच दाखवायचा आणि कुठे घाई झाली, कुठे मूल काही सांगत होतं पण लक्षात आलं नाही, ते मिळून बघायचं, अशी ती पद्धत. पालक मुलाच्या कलाने बोलायला लागले आणि मुलं स्वतःहून जास्त संवाद सुरू करू लागली. सगळ्याच मोजमापांत फायदा दिसला नाही, हेही सांगायला हवं. पण इथल्याच घरांत, इथल्या आईबापांच्या हातून हे होऊ शकतं, एवढं त्यातून नक्की कळलं.

म्हणून पर्वरीच्या सेंटरला पैसे देण्याआधी पुढच्या गोष्टी विचारा. सेशन प्रत्यक्ष कोण घेणार? पाटीवर नाव एकाचं आणि खोलीत शिकाऊ मुलगी, असं होतं. स्पीच थेरपिस्ट, विशेष शिक्षक आणि क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे, नोंदणी लागते. नंबर मागा, तो आरसीआयच्या संकेतस्थळावर तपासता येतो. ऑक्युपेशनल थेरपिस्ट आरसीआयखाली येत नाहीत, त्यांची पदवी आणि लहान मुलांसोबतचा अनुभव विचारा. नंतर विचारा, आम्ही खोलीत बसू का? 'आईला बघून मूल रडतं' असं सांगून कायम बाहेर बसवत असतील तर ते सेंटर सोडा. पहिले काही दिवस काचेतून बघणं ठीक, महिनोन्‌महिने नव्हे. मूल रडलं तर काय करता? दाबून धरतो, रडू देतो, खाऊ बंद करतो, यातलं काहीही उत्तर आलं तर उठून या. आणि 'सहा महिन्यांत बोलायला लावू' अशी हमी कोणीही देऊ शकत नाही. पैसे महिन्याचे महिन्याला द्या, आजारपणात बुडालेल्या सेशनचं काय ते आधीच ठरवून घ्या.

उद्दिष्टं लेखी मागा, कारण सगळं त्यावर ठरतं. 'आय कॉन्टॅक्ट सुधारणे', 'अटेन्शन वाढवणे' हे लिहून काही कळत नाही. तीन महिन्यांनी सुधारलं म्हणायलाही तेच वाक्य चालतं. शिवाय डोळ्यांत बघायला भाग पाडणं अनेक ऑटिस्टिक मुलांना त्रासाचं असतं, तो हट्ट कशाला? उद्दिष्ट असं हवं: 'बिस्किट हवं असताना मोठ्यांचा हात न ओढता चित्र देईल किंवा बोट दाखवेल, दहापैकी सात वेळा, आईजवळ आणि आजीजवळही.' हे मोजता येतं. तीन महिन्यांत तीन-चार उद्दिष्टं पुरतात. एकातही हालचाल नसेल तर दोष मुलाचा धरू नका. उद्दिष्ट मोठं होतं किंवा पद्धत चुकली, आणि ती बदलायची जबाबदारी थेरपिस्टची.

आता घरचं. तुमच्या पत्रातली सगळ्यांत मोलाची ओळ पोदेरची आहे. त्या भोंग्यावर तो स्वतःहून येतो, म्हणजे रोज एक संधी दारात सायकलवरून येते आहे. असं करा. पावाचा फोटो काढा, पाच-सहा सेंटीमीटरचा छापा, लॅमिनेट करा आणि दाराशी त्याच्या उंचीवर वेल्क्रोने लावा. भोंगा वाजला, तो धावला, की तुम्ही समोर पाव घेऊन त्याच्या उंचीला खाली बसा. दुसऱ्या कोणीतरी, बाबांनी किंवा आजीने, मागून त्याचा हात हळूच धरून चित्र तुमच्या हातात द्यायला मदत करायची. मागच्याने बोलायचं नाही. चित्र हातात आलं की त्याच क्षणी 'पाव!' म्हणायचं आणि पाव हातात द्यायचा. तो पाव खात नसेल, नुसता धरायला किंवा पोदेरची सायकल बघायला धावत असेल, तर फोटो सायकलचा ठेवा आणि चित्र दिल्यावर चाक फिरवून बघू द्या. त्याला जे हवंय तेच चित्रात हवं. आपल्याला जे द्यायचंय ते ठेवलं की सगळं फसतं.

मागचा हात दिवसागणिक सैल करत जायचा: आधी मनगट, मग कोपर, मग नुसता स्पर्श. सुरुवातीला एकच चित्र. दहा चित्रांचा तक्ता पहिल्याच दिवशी भिंतीवर लावला की मूल चित्रं ओरबाडतं आणि तक्ता माळ्यावर जातो. चित्राने बोलणं मागे पडत नाही, उलट हाताशी मागायची सोय आली की रडणं कमी होतं आणि शब्दाला जागा मिळते. पुढे आवाज देणारं अ‍ॅप लागलं तर आयआयटी मुंबईत तयार झालेलं 'जेलो' फुकट मिळतं.

दुसरी जागा बिस्किटांची. पारदर्शक, घट्ट झाकणाच्या डब्यात दोनच बिस्किटं ठेवून डबा त्याच्या हातात द्या. उघडणार नाही, तो तुमच्याकडे येईल. तुमचा हात ओढेल तेव्हा हात द्या, पण उघडायच्या आधी मनात पाचपर्यंत मोजा आणि त्याच्या चेहऱ्याकडे बघत थांबा. त्याने नजर टाकली, आवाज काढला, डबा पुढे केला, काहीही चालेल. 'उघड' हा एकच शब्द म्हणा आणि उघडा. पाच मोजूनही काही झालं नाही तरी उघडा. रडेपर्यंत अडवून धरलं की तो एवढंच शिकतो की रडल्यावर डबा उघडतो.

बहुतेक घरांत चुकतं ते प्रश्नांमध्ये. 'हे काय? काऊ कुठाय? बोल, पाणी बोल!' दिवसभर परीक्षा घेतल्यासारखं चालतं आणि मूल आणखी मिटतं. प्रश्न बंद करा. तो चाक फिरवत असेल तर शेजारी बसून दुसरं चाक फिरवा आणि 'गरगर' म्हणा. थांबा. त्याने बघितलं की पुन्हा. दिवसातून तीन वेळा दहा-दहा मिनिटं, टीव्ही आणि मोबाइल बंद करून. घरातल्या सगळ्यांनी एका गोष्टीला एकच शब्द वापरायचा हे ठरवा. आई 'पाणी', आजी 'मम्' आणि बाबा 'वॉटर' असं नको.

सासूबाईंना मात्र हे नक्की सांगा: भाषा जास्त असल्याने ऑटिझम होत नाही, आणि दोन भाषा ऐकणाऱ्या ऑटिस्टिक मुलांचं बोलणं त्यामुळे मागे पडतं असं अभ्यासांत आढळलेलं नाही. घरात मराठीच बोला. थेरपिस्टने 'फक्त इंग्रजी बोला' सांगितलं तर नम्रपणे नाही म्हणा. ज्या भाषेत आजीला लाड करता येतात, ओव्या म्हणता येतात, तीच घराची भाषा. सासूबाईंना चित्राच्या कामात घ्या. चित्राच्या मागून हात धरायला माणूस लागतोच, आणि हातात काम आलं की माणूस दोष शोधत बसत नाही.

खाण्याच्या बाबतीत घाई नको. पेज आहे, तिथून सुरुवात करा. रोजच्या पेजेत, त्याच्यादेखतच, अर्धा चमचा मूगडाळीचं पाणी, चार-पाच दिवस तेवढंच, मग एक चमचा. रंग बदलला तर मूल ओळखतं आणि पेजही सुटते, म्हणून थोडं-थोडंच. नवा पदार्थ ताटात नको, शेजारच्या वाटीत ठेवा. बघणं, हात लावणं, वास घेणं या सगळ्या पायऱ्याच आहेत. लपवून भरवणं आणि नाक दाबून कोंबणं दोन्ही टाळा.

गणेश चतुर्थी येईल तेव्हा घुमट (आरतीतलं वाद्य), झांज आणि फटाके एकदम सुरू होतील. दोन-तीन आठवडे आधीपासून आरतीचा आवाज मोबाइलवर अगदी हळू ऐकवा, रोज किंचित वाढवा. कारखान्यात वापरतात तसे कान झाकणारे इअरमफ आधीच सवयीचे करून ठेवा. आरतीच्या वेळी तो कोणाबरोबर बाहेर सोप्यावर बसेल हे ठरवा, आणि 'बाहेर' चं चित्र देऊन उठून जायची मुभा असू द्या. माटोळीखाली, म्हणजे गणपतीवर टांगलेल्या फळाफुलांच्या चौकटीखाली, उभं राहून दर्शन घेतलंच पाहिजे असा आग्रह धरणाऱ्या पाहुण्यांना तुम्ही उत्तर द्या, त्याला पुढे करू नका.

कागदपत्रांना घाबरू नका. २०१६ च्या दिव्यांगजन हक्क कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत, त्यात ऑटिझम आहे. दिव्यांगत्व ४० टक्के किंवा जास्त असेल तर बहुतेक सवलती मिळतात. स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करायचा, मग सरकारी वैद्यकीय मंडळापुढे तपासणी, मग यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगत्वाचं ओळखपत्र. या वयात प्रमाणपत्र बहुधा मुदतीचं मिळतं आणि पुन्हा तपासणी होते, त्यामुळे जन्मभराचा शिक्का बसला असं समजू नका. कार्ड कोणाला दाखवायचं हे तुमच्या हातात असतं. त्यावर राष्ट्रीय न्यासाचा निरामय आरोग्य विमा मिळतो, वर्षाला १ लाख रुपयांपर्यंत, आणि त्यात थेरपीच्या खर्चालाही ठरावीक मर्यादेत जागा आहे. पैसे आधी आपण भरून नंतर बिलं लावायची असतात, म्हणून पहिल्या सेशनपासून तारीख, थेरपिस्टचं नाव आणि नोंदणी क्रमांक असलेली पावती घ्या. जुन्या पद्धतीने आयकर भरत असाल तर ७५,००० रुपयांची वजावट आहे, ८० टक्के किंवा जास्त असेल तर १,२५,०००.

बालवाडी बंद करू नका. पूर्ण वेळ झेपत नसेल तर दीड तास, पण रोज. बाईंना एक पान लिहून द्या: काय आवडतं, कशाने बिथरतो, बिथरल्यावर काय करायचं, पाण्याचं चित्र कुठे लावलंय. पुढे सहा ते अठरा वर्षांपर्यंत जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षण हा कायद्याने त्याचा हक्क आहे.

आता ज्याला ठाम नाही म्हणायचं ते. स्टेम सेल: राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्येच ऑटिझमसाठी हा उपचार करू नये असं सांगितलं आहे, लाखांची बिलं होतात आणि पाठीत सुया बसतात. कीलेशन, म्हणजे शरीरातून धातू काढायची औषधं: २००५ मध्ये अमेरिकेत एका ऑटिस्टिक मुलाचा यात जीव गेला, रक्तातलं कॅल्शियम खाली जाऊन. ऑक्सिजनचा चेंबरही नको. गहू-दूध बंद करणारा आहार तर तुमच्या मुलासाठी आणखी वाईट, कारण त्याच्या ताटात दोनच पदार्थ आहेत आणि त्यातलं एक जाईल. ऑटिझमचं मूळ घालवणारं औषध नाही. झोप अजिबात लागत नसेल किंवा स्वतःला मारून घेत असेल तर त्या त्रासावर औषधं आहेत, ती तज्ज्ञांकडूनच.

दिरांचा पुण्याचा मुद्दा एका वेळी बरोबर ठरेल. इथल्या दोन तज्ज्ञांचं निदान जुळत नसेल, किंवा सहा महिने नीट काम करूनही संवादात काहीच हललं नाही, तर बाहेर एकदा सविस्तर तपासणी करून या. मुंबईची 'उम्मीद' २००१ पासून याच कामात आहे. पण जाताना तिथून लेखी घरचा कार्यक्रम घेऊन यायच्या बेताने जा, बिऱ्हाड करायला नव्हे. बिऱ्हाड हललं की आजी, शेजार, पोदेर, अंगण, त्याला ठाऊक असलेलं सगळं सुटतं, आणि भाड्याच्या खोलीत तुम्ही एकट्याच त्याच्याबरोबर उरता.

नोकरीचं तीन महिन्यांनी बघा. तोवर आठवड्यातली एक सेशनची फेरी बाबांनी घ्यावी, आणि ती नेहमी तीच. आईला सगळं येतं आणि बाबा फक्त गाडी चालवतात, अशा घरात मूल एकाच माणसाकडे मागायला शिकतं. नोकरी सोडलीच तर थेरपीचे पैसे कुठून येणार हे आधी कागदावर मांडा.

एका गोष्टीत मात्र अजिबात थांबू नका. हातपाय झटकणं, डोळे वर जाणं, मधेच थबकून काही सेकंद हरवणं, किंवा आता जमतं तेही झपाट्याने जाऊ लागणं, चालणं डगमगणं, यातलं काही दिसलं तर अपॉइंटमेंटची वाट न बघता त्याच दिवशी गोमेकॉ गाठा. शक्य असेल तर त्या क्षणाचा मोबाइलवर व्हिडिओ घ्या, डॉक्टरांना तो लागतो.